अर्ध्यांना लस, अर्ध्यांना कांजिण्या

फेब्रुवारी लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या शाळांत दोन गोष्टी जोडीने सुरू होतात: परीक्षा आणि कांजिण्या. परीक्षेचे वेळापत्रक पर्वरीच्या शालान्त मंडळाकडून येते. कांजिण्यांचे कुठूनच येत नाही, पण चुकत मात्र तेही नाही. वर्गातले एक मूल दोन दिवस येत नाही, तिसऱ्या दिवशी आईचा फोन येतो, ‘बाई, अंगावर फोड आलेत’. मग दोन आठवडे सगळे शांत. आणि आपण विसरलो न विसरलो तोच त्याच बाकावरची, त्याच बालरथातली (शाळेच्या बसमधली) आणखी तीन-चार मुले एकाच आठवड्यात आडवी होतात. पाठोपाठ त्यांची धाकटी भावंडे. कधी आई, कधी बाप.

शिक्षकांना ही साखळी इतकी अंगवळणी पडली आहे की आम्ही तिला ऋतूच समजतो. आंब्याला मोहोर यावा तशा कांजिण्या येतात, कोण काय करणार? पालकही तेच म्हणतात, आणि खरे सांगायचे तर बरेच डॉक्टरही. ‘लहानपणी होऊन गेलेल्या बऱ्या’ हे वाक्य गोव्यातल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी म्हटलेले असते. त्यात एकेकाळी तथ्य होते. आज ते राहिलेले नाही, आणि ते न राहण्याला आपण निवडलेली अर्धवट वाटच कारणीभूत आहे, असे माझे म्हणणे आहे.

कांजिण्यांवर लस आहे. आजची नव्हे, जपानमधले विषाणुतज्ज्ञ मिचिआकी ताकाहाशी यांनी ती १९७४ मध्ये तयार केली. त्यांच्या स्वतःच्या मुलाला कांजिण्यांचा जबर त्रास झाला होता आणि तो पाहून ते या कामाकडे वळले. अमेरिकेने १९९५ पासून ती सगळ्या मुलांना द्यायला सुरुवात केली, जपानने २०१४ मध्ये. भारतात बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन मात्रांची शिफारस करते, पहिली पंधरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात मात्र ती नाही. म्हणजे साखळीच्या किंवा वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्रात बाळाला बीसीजी, पोलिओ, गोवर-रुबेला, रोटाव्हायरस, न्यूमोनियाची लस असे सगळे फुकट मिळते. कांजिण्यांची लस हवी असेल तर खासगी बालरोगतज्ज्ञाकडे जायचे आणि एका मात्रेला दोन हजारांच्या आसपास मोजायचे. पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगावच्या नोकरदार घरांतली मुले ती घेतात. त्या मुलांच्या फायलीत ती तारखेनिशी नोंदलेली असते. आमच्या शाळेत येणाऱ्या बहुतेकांच्या कार्डावर तिचा रकानाच नसतो.

एवढ्यावरून ‘श्रीमंतांना लस, गरिबांना नाही’ ही नेहमीची तक्रार करता येईल, आणि ती खोटी ठरणार नाही. पण कांजिण्यांच्या बाबतीत प्रश्न अन्यायाच्या पुढचा आहे. अर्ध्यांनी लस घेतली तर उरलेल्या अर्ध्यांचा धोका कमी होईल, असे आपल्याला वाटते. इथे तो एका अर्थाने वाढतो. लस घेतलेल्या मुलांमुळे विषाणूचा फिरायचा वेग मंदावतो, पण तो थांबत नाही. ज्या मुलाला एरवी चौथ्या-पाचव्या वर्षी कांजिण्या झाल्या असत्या, ते तेव्हा वाचते, पहिली-दुसरीत वाचते, दहावीतही वाचते, आणि मग बाविसाव्या वर्षी, नोकरीत नाहीतर बाळंतपणाच्या तोंडावर, त्याला किंवा तिला गाठले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये हेच बजावले: ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणायची तर निदान ८० टक्के मुलांपर्यंत ती पोचवण्याची आणि तिथे टिकवून धरण्याची ऐपत हवी, त्याखाली बराच काळ रेंगाळलात तर आजार मोठ्या वयाकडे सरकेल. कुठल्याही कार्यक्रमाशिवाय, नुसत्या बाजारावर सोडून, आपण नेमके तिथेच रेंगाळतो आहोत.

आणि मोठ्या वयातल्या कांजिण्या हे वेगळेच प्रकरण असते. मुलाला ताप असतो, खाज असते, आठवडाभर चिडचिड असते. प्रौढ माणूस सपशेल आडवा होतो. फोड जास्त, ताप जास्त, अंगदुखी अशी की कूस बदलवत नाही. आणि फुप्फुसात न्यूमोनिया उतरण्याची भीती, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना. तशात उष्ण, दमट प्रदेशांत हा विषाणू थंड देशांइतका लहानपणीच सगळ्यांना गाठत नाही, हे जुनेच निरीक्षण आहे. युरोपात दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळी मुले यातून गेलेली असायची. आपल्या पट्ट्यात कितीतरी माणसे कांजिण्या न होताच मोठी होतात. म्हणजे सरकण्याआधीच आपल्याकडचे वय वरचे आहे.

आता हा प्रौढ गोव्यात राहतो कुठे ते पाहा. कुंडई, वेर्णा, थिवीच्या औद्योगिक वसाहतींभोवती भाड्याच्या खोल्या आहेत. सिमेंटच्या पत्र्याखाली एक खोली, त्यात चार-पाच जण, दोन पाळ्यांत झोपणारे. चटई एकाची, पण अंग टाकणारे दोघे. नळ बाहेर, न्हाणी सामायिक, दोरीवर सगळ्यांचे टॉवेल एकत्र. यातल्या एकाला फोड आले की बाकीच्यांना ते देण्यासाठी विषाणूला काही विशेष कष्ट पडत नाहीत. घरात ज्यांना आधी झालेल्या नाहीत, अशा दहापैकी सुमारे नऊ जणांना त्या होतात, इतका हा आजार सांसर्गिक. शिवाय फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस तो पसरवत असतो. म्हणजे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. पुढच्याला फोड यायला दहा ते एकवीस दिवस. तोवर पहिला बरा होऊन कामावर गेलेला असतो आणि कोणाचे कोणाला लागले हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. ‘हे रोग भायल्यांनी (बाहेरच्यांनी) आणले’ असे गावात बोलले जाते ते याच खोल्यांकडे बोट दाखवून. विषाणू पुणे-बेळगावहूनच यायला हवा असे काही नाही, तो आमच्या वर्गातून त्या खोलीत गेलेला असू शकतो. खोलीत राहणाऱ्याचे मूल आमच्याच शाळेत असते.

फोड आले म्हणजे कांजिण्याच, असे मात्र नाही. निदान चुकले की एकतर उगाच घबराट होते, नाहीतर उगाच निर्धास्तपणा येतो, म्हणून थोडे सविस्तर. कांजिण्यांचे फोड आधी छाती-पाठीवर, चेहऱ्यावर, डोक्याच्या केसांत उठतात आणि मग हातापायांकडे कमी कमी होत जातात. सुरुवातीला लाल ठिपका, काही तासांत त्यावर पाण्याचा लहानसा फुगा. पातळ, हात लागला तरी फुटेल असा, खाली लालसर गोल. मग तो गढुळतो, बसतो, खपली धरतो. पण खरी खूण वेगळीच. पाठ उघडी करून उजेडात पाहिली की एकाच वेळी सगळ्या अवस्था दिसतात: इथे नुसता ठिपका, बोटभर अंतरावर भरलेला फोड, त्याच्या शेजारी खपली. कारण ते दोन-तीन लाटांत येतात. जुन्या देवी रोगात एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेत असत, आणि चेहरा-हातपायांवर दाट. तो रोग जगातून गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५चा. अलीकडे मंकीपॉक्सच्या बातम्या आल्या तेव्हा लोकांनी पुन्हा देवीच्याच आठवणी काढल्या. त्यातही फोड बहुधा एकाच अवस्थेत असतात आणि गळ्या-जांघेत गाठी येतात.

गोवर ओळखायचा तो फोडांवरून नव्हे. त्यात पाणी नसतेच. आधी तीन-चार दिवस चढा ताप, वाहते नाक, खोकला, लाल डोळे. मग कानामागून आणि कपाळावरून सुरू होऊन खाली उतरणारे लाल चट्टे. गोवर झालेल्या मुलाला ‘जीवनसत्त्व अ’च्या मात्रा लागतात, त्या सरकारी केंद्रात मिळतात; तिथे घरीच थांबणे म्हणजे जुगार. पाच वर्षांखालच्या मुलांत हात, पाय आणि तोंडात फोड येणारा आणखी एक आजार बालवाड्यांतून फिरतो. केरळात २०२२ मध्ये ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून त्याचा गवगवा झाला होता. तळहात, तळपाय, ढुंगण आणि तोंडाच्या आत जखमा. मूल गिळायला रडते म्हणून पाणीही टाळते, आणि त्रास होतो तो त्या कोरड्या पडण्याने. पावसाळ्यात ताप आणि अंगावर लाली असेल तर आधी डेंगी मनात यायला हवा. त्यात पाण्याचे फोड नसतात. उन्हाळ्यात घामोळे, आणि बोटांच्या बेचक्यांत रात्री खाजणारी खरूज. या दोन्हींना कांजिण्या समजून घरी बसवलेली मुले आम्ही पाहतो. कांजिण्यांना बहुधा रक्ततपासणी लागत नाही. अनुभवी डॉक्टर किंवा अनुभवी आजी, दोघेही पाठ पाहून सांगतात.

या आजीबद्दल थोडे बोलायला हवे, कारण तिची थट्टा करणे फार सोपे झाले आहे. आमच्याकडे घरात कांजिण्या आल्या की फोडणी बंद, नुस्तें (मासे) बंद, कडुनिंबाचा पाला उशाशी, दारात डहाळी, आणि आजाऱ्याची वेगळी खोली. सातेरी-केळबाई या देवींना नवस. बाहेरच्याने आत यायचे नाही, घरातल्याने जत्रेला जायचे नाही. यातले शेवटचे जे आहे, ते साथरोगशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात शोभेल. दारावरची डहाळी ही आपल्याकडची सर्वांत जुनी विलगीकरणाची पाटी आहे, आणि आजच्या नव्या फ्लॅटमधल्या कुटुंबांनी ती टाकून दिली तेव्हा तिच्या जागी काहीच ठेवले नाही. अंगभर फोड असलेले मूल मॉलमध्ये फिरताना दिसते ते आधुनिक घरातले. आजीच्या घरातले दिसणार नाही.

पण आजीची एक गोष्ट सोडायलाच हवी. अंघोळ. ‘खपल्या पडेपर्यंत पाणी लावायचे नाही’ या नियमाने मार्च-एप्रिलच्या गोव्यातल्या घामात मुलाचे काय होते, ते पाहवत नाही. घाम, खाज, नखे, फुटलेला फोड, त्यात पू. मुलांत कांजिण्यांची सगळ्यांत जास्त दिसणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेत शिरलेले जिवाणू, आणि त्यांना वाट करून देतात ती न कापलेली नखे. रोज कोमट पाण्याने अंघोळ घालायची, अंग न घासता टिपायचे, सुती सैल कपडे, नखे अगदी कापलेली, खाजेला कॅलामाइन. हळद-पाल्याचा लेप फुटलेल्या फोडांवर नको. नुस्तें बंद ठेवले तर आभाळ कोसळत नाही, पण मुलाला पेज, सोलकढी, फळे, डाळ, जे जाईल ते मिळू दे; उपाशी ठेवू नका.

औषधांबाबत दोन गोष्टी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हव्यात. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन मुलांना नाहीच. कांजिण्यांत त्याने यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा रेय सिंड्रोम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळावे, कारण त्याचा त्वचेतल्या गंभीर जिवाणूसंसर्गाशी संबंध आढळला आहे. आपल्याकडच्या कितीतरी ‘तापाच्या सिरप’मध्ये ते पॅरासिटामॉलसोबत मिसळलेले असते, म्हणून बाटलीवरचे नाव वाचायचे. दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी. विषाणूवर थेट काम करणारे असायक्लोव्हिर हे औषध आहे, जुने आहे, परवडणारे आहे. निरोगी लहान मुलाला ते बहुधा लागत नाही. पण मोठ्या मुलांना, प्रौढांना, दम्याच्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांना त्याचा उपयोग होतो, आणि तो पुरळ दिसल्यापासून पहिल्या चोवीस तासांत सुरू केले तर. खोलीतला कामगार डॉक्टरकडे पोचतो चौथ्या दिवशी, खोकला लागल्यावर. त्याला कोणी सांगितलेलेच नसते की घाई करायची होती ती पहिल्या दिवशी.

ताप चौथ्या दिवसानंतरही उतरत नसेल किंवा उतरून पुन्हा चढला, फोडाभोवतीची जागा लाल, गरम, सुजून दुखू लागली, दम लागला, मूल पेंगुळले, सारखे ओकू लागले, चालताना झोकांड्या खाऊ लागले, तर पाल्याची डहाळी उशाशी ठेवून बसायची वेळ गेली. म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ गाठायचे.

ज्यांच्यासाठी हा विषय खरोखर जीवनमरणाचा आहे, ती माणसे लस घेऊच शकत नाहीत. लस जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूची आहे. गरोदर बाईला देता येत नाही, केमोथेरपी चाललेल्या मुलाला नाही. गरोदरपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर शंभरातल्या एक-दोन बाळांत व्यंग राहू शकते. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत झाल्या तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकते. अशांसाठी संपर्कानंतर द्यायची प्रतिपिंडांची सुई असते, पण ती महाग, आणि ऐनवेळी हाती लागायला कठीण. या बायका भेटतात कुठे? अंगणवाडीत, प्राथमिक शाळेत, आरोग्य केंद्राच्या रांगेत. गोव्यातल्या प्राथमिक शिक्षकांत आणि अंगणवाडी सेविकांत बायकाच जास्त आहेत, त्यांच्यातल्या तरुण मुलींची लग्ने व्हायची असतात, मुले व्हायची असतात. नोकरीवर रुजू होताना त्यांचे शिक्षणाचे दाखले तपासले जातात. ‘कांजिण्या झाल्यात का, लस घेतलीत का’ हे विचारायचे कोणाला सुचत नाही. विचारले असते तर गर्भारपणाच्या आधीच दोन मात्रा देऊन तो प्रश्न निकालात निघाला असता.

आजी-आजोबांकडेही हा विषाणू असतो, झोपलेला. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी पडून राहतो आणि साठीनंतर, किंवा मधुमेहाने शरीर थकल्यावर, एका बाजूच्या पट्ट्यात नागीण होऊन उठतो. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस जातो, ही समजूत अजून गावोगाव आहे. नागीण उतरवणारे आहेत, ते मंत्र टाकतात, गेरूने रेघा ओढतात. रेघांनी काही बिघडत नाही. बिघडते ते त्यात गेलेल्या तीन दिवसांनी, कारण तिथेही औषधाची वेळ पहिल्या बहात्तर तासांचीच. आणि ती जळजळ पुढे महिनोन्‌महिने राहिली की मग म्हातारी माणसे रात्रभर बसून काढतात. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातून नातवाला कांजिण्या होऊ शकतात, हेही सांगून ठेवते.

लशीच्या विरोधात जो सर्वांत वजनदार मुद्दा मांडला गेला, तो याच नागिणीवरून. मुलांच्या कांजिण्यांशी अधूनमधून संबंध आल्याने मोठ्यांची प्रतिकारशक्ती जागी राहते. मुलांना लस दिली तर ती उजळणी थांबेल आणि नागीण वाढेल, असे गणित होते. ब्रिटनने या भीतीने कित्येक वर्षे लस बाजूला ठेवली. पण अमेरिकेच्या पंचवीसेक वर्षांच्या अनुभवात तसा पूर आलेला दिसला नाही, आणि २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्याच सल्लागार समितीने मत बदलले. २०२६च्या जानेवारीपासून तिथे ती सगळ्या मुलांसाठी आली. अमेरिकेत लशीआधी वर्षाला सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत, दहा हजारांहून अधिक इस्पितळात जात, शंभर ते दीडशे मरत. ‘होऊन गेलेल्या बऱ्या’ म्हणायच्या आजाराने शंभर-दीडशे माणसे दरवर्षी. आता तिथे रुग्णसंख्या ९७ टक्क्यांहून अधिक घटली आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त प्रामाणिक वाटतो: भारतासारख्या देशात क्षयरोग, कुपोषण, न्यूमोनिया समोर असताना कांजिण्यांवर पैसा का? बिहार किंवा उत्तर प्रदेशच्या आरोग्यमंत्र्याने हे विचारले तर मी गप्प बसेन. गोव्याने विचारू नये. २०११च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो आणि आपला जन्मदर दर हजारी बाराच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाला जन्मणारी मुले वीस हजारांच्या आतली. दोन मात्रा धरल्या तर चाळीस हजार. अगदी खासगी दवाखान्याच्या दराने हिशेब मांडला तरी आठ कोटी होतात, आणि सरकार चाळीस हजार मात्रा एकदम घेणार असेल तर तो दर लागणारच नाही. २०२५-२६चा आपला अर्थसंकल्प अठ्ठावीस हजार कोटींच्या घरातला होता. त्यात हा आकडा कुठल्या कोपऱ्यात बसवायचा हे सचिवालयातल्या कारकुनालाही कळेल.

‘केंद्राने आधी आणावी, मग आम्ही’ हे उत्तर येईल, ते मला पाठ आहे. सिक्कीमने केंद्राची वाट पाहिली नव्हती. २०१८ मध्ये त्या चिमुकल्या राज्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस स्वतःच्या निर्णयाने नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना शाळांमधून दिली आणि ९५ टक्क्यांच्या वर मुलींपर्यंत नेली. आपण स्वतःही हे करून दाखवले आहे. २०१७च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाची मोहीम देशात सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्य-प्रदेशांत गोवा होता. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुले, सगळ्या शाळा, सगळ्या अंगणवाड्या. मोबाइलवर तेव्हाही अफवा फिरल्या, पालक-शिक्षक संघाच्या बैठकांत आवाज चढले, तरी मुलांनी बाह्या वर केल्या आणि काम झाले. ज्या राज्यात काणकोणहून निघून पेडणेपर्यंत एका दिवसात जाऊन परत येता येते, तिथे ८० टक्क्यांची पायरी गाठणे अवघड आहे असे कोणी म्हणू नये.

मात्र एक अट. आणायची तर पूर्ण आणायची. एखाद्या वाढदिवसाला एखाद्या मतदारसंघात शिबिर घेऊन पाचशे मुलांना फुकट लस, सोबत फोटो, असे होणार असेल तर नकोच. ती त्याच अर्धवट अवस्थेत घातलेली भर ठरेल. दोन्ही मात्रा, नेहमीच्या केंद्रात, नेहमीच्या कार्डावर. एक मात्रा घेतलेल्यालाही कांजिण्या होऊ शकतात, सौम्य, पन्नासेक फोडांच्या आतल्या. तेवढ्यावरून ‘लस फुकट गेली’ म्हणणारे निघतात, म्हणून दुसरी मात्रा सोडून चालणार नाही. शेजारच्या राज्यांतून मध्येच आलेल्या मुलांना शाळाप्रवेशाच्या वेळी गाठायचे. आणि घरात कोणाला फोड आले तर ज्यांना झालेल्या नाहीत त्यांना तीन, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा हलका जातो. ही सोय तालुक्याच्या केंद्रात हवी, म्हणजे त्या खोलीतल्या उरलेल्या चौघांना ती मिळेल.

लस येईपर्यंतचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो पैशांपेक्षा रजेचा आहे. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, माणसाने घरी थांबायचे. हॉटेलच्या भटारखान्यात काम करणारा मुलगा थांबेल का? कामगार विमा योजनेत नोंद असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कंत्राटदाराने नोंदच केलेली नसेल तर काहीच नाही. मग तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जातो आणि चेहऱ्यावरच्या फोडांना मुरुमे म्हणतो. त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. शाळेतही आमचे फारसे वेगळे नाही. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस आम्ही स्नेहसंमेलनात टाळ्यांच्या गजरात देतो, आणि तेच मूल फोड लपवून वर्गात बसले की त्याच्या आईला रागावतो. ते बक्षीस बंद करायला कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही.

दहावी-बारावीचे मात्र परिपत्रकाशिवाय व्हायचे नाही. ऐन परीक्षेत फोड उठलेल्या मुलाने काय करायचे, याचे एकच एक लेखी उत्तर प्रत्येक केंद्राच्या दारावर लावलेले असावे: वेगळी, खिडक्या असलेली खोली, कांजिण्या होऊन गेलेला पर्यवेक्षक, आणि मुलाला उठवतच नसेल तर पुरवणी परीक्षा ‘नापास’ असा शिक्का न बसता. सध्या हे केंद्रप्रमुखाच्या स्वभावावर चालते. पर्यवेक्षकांच्या याद्या जानेवारीत बनतात. त्याच यादीत ‘कांजिण्या झाल्या आहेत/लस घेतली आहे’ असा एक रकाना वाढवायला मंडळाला पैसा लागत नाही, आणि येत्या परीक्षेआधी ते करता येते.